पसाऱ्याचे फोटो

नणंद : चहात मीठ पडलं म्हणून कोणी आईला घराबाहेर काढतं का?

सून : घराबाहेर कोणी काढत नाहीये, ताई. थोडे दिवस तुमच्याकडे, एवढंच. आणि हे तुमच्या भावानं ठरवलंय, मी नाही.

नणंद : पिंट्यानं आजवर स्वतःहून एकच गोष्ट ठरवलीय, केसांचा भांग. मला फोनवर म्हणतो, "ताई, गाडी घेऊन ये, आईला ने." जशी काही आई म्हणजे राहिलेलं खोकं. नीट सांग, सकाळी काय झालं?

सून : आधी मीठ. ते आम्ही हसण्यावारी नेलं. मग त्यांनी पातेलं एका बर्नरवर ठेवलं आणि पेटवला दुसरा. त्या दुसऱ्यावर मी प्लास्टिकची चाळणी वाळत ठेवली होती. घरभर धूर झाला. शेजारचे दार वाजवत आले. नव्या बिल्डिंगमध्ये आमची पहिली ओळख ती अशी झाली.

नणंद : चाळणी शेगडीवर वाळत ठेवतात?

सून : नाही ठेवत. मी ठेवली होती. सामान लावताना जागा मिळेल तिथे ठेवत होते.

नणंद : बरं. पुढे?

सून : पुढे तुमचा भाऊ म्हणाला, आजपासून आईनं स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. बाई लावू. बाई मिळेपर्यंत ताईकडे जा. आई उठल्या आणि बाल्कनीत जाऊन बसल्या. तो कामावर गेला. मी दुकानातून रजा घेतली.

नणंद : आई भांडली नाही?

सून : नाही.

नणंद : मग मात्र काहीतरी गंभीर आहे. जुन्या घरात डोळे मिटून स्वयंपाक करायची ती. तिथे कधी मीठ-साखर झालं नाही, ते इथे आल्या आल्या कसं झालं? हे डबे कुणाचे?

सून : माझे. म्हणजे घराचेच. नवीन घेतले.

नणंद : सगळे सारखे दिसतात.

सून : सारखेच घेतले, सेटमध्ये. काचेचे. वरून लेबलं लावली. मीठ, साखर, चहा, सोडा. आमच्या औषधांच्या दुकानात लेबल नसलेली बाटली म्हणजे विषच धरतात. मला ती सवय आहे. वाटलं, आईंनाही सोपं जाईल.

नणंद : आणि आईचे जुने डबे?

सून : घासून पोत्यात भरलेत. दाराशी आहे बघा. भंगारवाला दुपारी येणार आहे.

नणंद : तिला विचारलंस?

सून : सरप्राइज द्यायचं होतं.

नणंद : दिलंस की. सगळ्या बिल्डिंगला दिलंस. वहिनी, राग मानू नकोस, मी गाडी शिकवते, माझं तोंड सरळ चालतं. तुला तिचं स्वयंपाकघर काढूनच घ्यायचं होतं, हो की नाही?

सून : नाही.

नणंद : लग्न करून तू तिच्या घरात आलीस तेव्हा ओटा तिचा होता. आता घर नवं, ओटा तुझा. माणसाला वाटतं असं. मीही सासू भोगलीय.

सून : ओटा मला नकोच होता, ताई. मला एवढंच हवं होतं की त्यांनी माझ्याकडे बघून बोलावं.

नणंद : म्हणजे?

सून : म्हणजे जे म्हटलं तेच. लग्न झाल्यापासून त्या माझ्याकडे बघत नाहीत. मी समोर उभी राहून विचारते, "आई, भात लावू का?" तर तोंड फिरवतात आणि भिंतीला सांगतात, "लाव." मी नवी साडी नेसले तरी भिंतीला सांगतात, "छान आहे." आधी वाटलं, नव्या माणसाची सवय नसेल. मग कळलं की मी आवडत नाही. ठीक आहे, सगळ्यांना सगळे आवडायलाच हवेत असं नाही. पण रोज तोंड फिरवलेलं बघायचं म्हणजे कठीण जातं. फार वाईट वाटायचं मला. ते मी कुणाला बोलले नाही.

नणंद : कुणालाच?

सून : बहिणीला सोडून.

नणंद : बहीण म्हणजे कुणालाच नाही, हे खरं. आई तशी तिरसट नाहीये पण. जाऊ दे. आधी हे डबे बघू. पोतं इकडे आण. जुनं होतं तसं लावून देऊ. काय कुठे होतं, सांग.

सून : ते आठवत नाही.

नणंद : रोज त्याच स्वयंपाकघरात होतीस ना?

सून : होते. तुम्ही रोज ज्या रस्त्यानं गाडी नेता, तिथल्या दुकानांच्या पाट्या ओळीनं सांगा बघू. मीठ कुठल्या डब्यात होतं, रबरबँड कुठल्याला होतं, काही सांगता येणार नाही. मी सगळी रबरबँडं कापून टाकली. चिकट झाली होती.

नणंद : आईलाच विचारू मग.

सून : मघाशी विचारलं. म्हणाल्या, "तिथे उभी राहिले की हाताला कळायचं. तोंडाला मी कधी विचारलं नाही."

नणंद : झालं. म्हणजे ते स्वयंपाकघर गेलंच.

सून : तसं नाही. फोटो आहेत.

नणंद : कसले?

सून : स्वयंपाकघराचे. माझ्या मोबाइलमध्ये.

नणंद : अगं मग आधी नाही का सांगायचं? दाखव.

सून : मी बघून सांगते ना एकेक. तुम्ही डबे लावा.

नणंद : दोघी बघू. इकडे दे.

सून : स्क्रीन लहान आहे, ताई.

नणंद : मोबाइलचा फायदाच तो, दोन बोटांनी मोठं होतं. ताकाला जाऊन भांडं काय लपवतेस? त्यात काय असं आहे?

सून : फोटो गॅलरीत नाहीत. जागा भरली तेव्हा तिथले काढून टाकले. बहिणीला पाठवले होते, त्या चॅटमध्ये तेवढे राहिलेत. खाली मी काहीबाही लिहिलंय.

नणंद : काहीबाही म्हणजे आईबद्दल.

सून : हो.

नणंद : दे इकडे. मी वाचणार नाही.

सून : वाचाल.

नणंद : वाचेन. दे.

सून : घ्या.

नणंद : हं. फळीचा फोटो आहे. छान स्वच्छ आलाय. "बघ, सासूबाईंचं भंगाराचं दुकान." बहिणीनं हसरे चेहरे पाठवलेत, चांगले ओळभर. दुसरा. "डब्यांनी काय गुन्हा केलाय कोण जाणे, एकेकाला बेड्या घातल्यात." हे तू लिहिलंस?

सून : मीच.

नणंद : बरं लिहितेस. आणि हे काय, उपडा कप?

सून : कान तुटलेला कप. त्याच्याखाली काडेपेटी असायची.

नणंद : "कानतुटक्या कपाची समाधी." वहिनी, तू औषधांच्या दुकानात वाया चाललीयेस.

सून : हसू नका हो. मला लाज वाटतेय.

नणंद : वाटू दे की, वाटायलाच हवी. पण हे बघ ना, या फोटोत सगळं आहे. बुटका डबा, त्याला एक रबरबँड. उंच डबा, त्याला दोन. तिसऱ्याच्या झाकणाला दोरा बांधलाय. हिणवायला काढलेस, पण काढलेस हे बरं केलंस. कौतुकानं काढले असतेस तर आधी फळी आवरली असतीस, डबे पुसून ओळीत लावले असतेस. मग आपल्याला काय घंटा कळलं असतं?

सून : खाली आणखी आहेत. ते नका बघू. त्यात डबे नाहीत.

नणंद : आई आहे. हा चोरून काढलास?

सून : आवाज बंद करून.

नणंद : "ही माझ्याशी बोलताना. भिंतीचं नशीब बघ."

सून : त्या दिवशी मी फार रडले होते, ताई. म्हणून काढला. बहिणीला खोटं वाटायचं, म्हणायची, तू तिळाचा ताड करतेस. म्हणून पुरावा.

नणंद : थांब जरा.

सून : बंद करा आता.

नणंद : थांब म्हटलं ना. या फोटोत आई काय करतेय?

सून : काडी ओढताहेत.

नणंद : आणि बघतेय कुठे?

सून : खिडकीकडे.

नणंद : आणि या फोटोत?

सून : एक डबा उचलताहेत. बघताहेत दाराकडे. त्यांचं लक्ष नसतंच कामात. हात आपला चालत असतो.

नणंद : माझ्याकडे गाडी शिकायला येतात ना, त्यांचा रस्ता मी बघत नाही, डोळे बघते. डोळे जातील तिकडे गाडी जाते. आईचे डोळे एकीकडे आणि हात भलतीकडे. बरं, हा बघ. घड्याळात किती वाजले ते बघतेय वाटतं, पण मान घड्याळाकडे नाहीच. कडेला आहे. आणि प्रत्येक फोटोत त्याच बाजूला. तुझ्याशी अबोला असेल, मान्य. काडेपेटीशी कसला अबोला? घड्याळानं तिचं काय वाकडं केलंय?

सून : मी कधी एकाखाली एक बघितले नाहीत. एकेक काढला, पाठवला, राग आला, संपलं.

नणंद : आई. आई, जरा आत ये.

(आई बाल्कनीतून येते. वाटेत खोकी पसरली आहेत. एकालाही धक्का न लावता ती ओट्यापाशी येऊन उभी राहते.)

आई : गाडी खाली आणलीस ना? चल. पिशवी भरलीय माझी.

नणंद : गाडी उभी राहील. पेट्रोल खात नाही ती उभ्या उभ्या. आई, हा डबा कशाचा?

आई : तुला वाचता येत नाही?

नणंद : मला येतं. तुला विचारतेय.

आई : नवा आहे. मला काय ठाऊक?

नणंद : लेबल लावलंय त्यावर. एवढ्या मोठ्या अक्षरात.

आई : हो का? हाताला काहीतरी खरखरीत लागलं होतं खरं.

सून : आई, तुम्हाला दिसत नाही?

आई : दिसतं की. आता आले ना चालत? आपटले का कुठे?

नणंद : आई, सरळ सांग.

आई : सरळच दिसत नाही, ती खरी अडचण आहे. मधोमध डाग आहे एक. पेपरावर शाईचं बोट उमटतं तसा. जिकडे बघावं तिकडे आधी तो जाऊन बसतो. कडेचं दिसतं. दार दिसतं, खोकं दिसतं, माणूस आला-गेला कळतो. म्हणून तर तुम्हा कुणाला पत्ता लागला नाही.

नणंद : कधीपासून?

आई : पिंट्याच्या लग्नाआधी सुरू झालं. आधी एक डोळा होता, मग दुसऱ्यालाही वाटलं, आपणच का मागे राहायचं.

नणंद : आणि तू बोलली नाहीस.

आई : बोलले असते तर काय केलं असतंत? आज केलंत तेच ना? स्वयंपाकघर बंद, आई गाडीत. तुझ्याकडे मला कशाचीच उणीव नाही गं, पण तिथे मी पाहुणी. दोन हात मांडीवर घेऊन बसायचं आणि विचारायचं, काही मदत करू का? आणि तू म्हणणार, नको. मग दिवसभर मी काय करू? त्यापेक्षा रबरबँड परवडलं. मिठाला एक, साखरेला दोन. चालत होतं.

सून : मी ती कापली.

आई : कळलं मला. सकाळी हात फिरवला तर सगळे डबे सारखेच. म्हटलं, लागेल नेम. नाही लागला.

सून : मला विचारायचं होतंत ना, मीठ कुठलं म्हणून. मी तिथेच उभी होते.

आई : विचारलं असतं तर कळलं असतं ना तुला.

सून : आई, तुम्ही माझ्याशी बोलताना तोंड फिरवता.

आई : फिरवते. नाहीतर तू दिसत कशी? तुझ्याकडे सरळ बघितलं की तू पुसली जातेस. खांदे राहतात, वर काही नाही. बिनडोक्याची सून. जरा मान वळवली की येतेस परत.

सून : मला वाटलं, मी तुम्हाला आवडत नाही.

आई : ते वेगळं. ते हळूहळू जमतच होतं.

नणंद : रडू नकोस वहिनी. आधीच घरात एकीला दिसत नाही.

आई : रडतेय का ती? का?

नणंद : तिनं तुझे फोटो काढलेत. तुझ्या फळीचे, डब्यांचे, तुझे. बहिणीला पाठवलेत. त्यांच्याखाली टीकाही लिहिलीय.

सून : ताई.

आई : फळीचे फोटो आहेत? जुन्या?

सून : आहेत.

आई : कुठला डबा कुठे, ते दिसतं त्यात?

सून : सगळं दिसतं. रबरबँडं मोजता येतात.

आई : मग रडतेस कशाला? आणि टीका काय लिहिलीय? वाच.

सून : नको, आई.

आई : माझ्यावरच लिहिलंय ना? मग मलाच ऐकायचा मान. ही वाचेल तर तिखटमीठ लावून वाचेल. तू वाच.

सून : "सासूबाईंचं भंगाराचं दुकान."

आई : हं.

सून : "डब्यांनी काय गुन्हा केलाय, एकेकाला बेड्या." "कानतुटक्या कपाची समाधी."

आई : तो कप चांगला होता गं. पिंट्यानं कान तोडला लहानपणी. पुढे?

सून : पुढचं नको.

आई : वाच.

सून : "ही माझ्याशी बोलताना. भिंतीचं नशीब बघ."

आई : असं वाटत होतं होय तुला.

सून : हो.

आई : माझं चुकलंच. डोळ्यांचं लपवताना माणसाचं काय होतंय ते माझ्या ध्यानातच आलं नाही. बरं, त्या मोबाइलमध्ये तुझा फोटो आहे का? तुझा स्वतःचा?

सून : आहेत की. कशाला?

आई : एक काढ. मोठा होतो म्हणतात ना त्यात, तसा कर. आणखी. नुसता चेहरा येऊ दे. आता इकडे धर, माझ्या कडेला. असा. हलू नकोस.

सून : दिसतंय?

आई : थोडं थोडं. तू आपली हलतेस, श्वास घेतेस, बोलतेस. हा गप्प उभा राहतो, हे बरं आहे. भुवया जाड आहेत तुझ्या.

नणंद : आहेतच. जाडच आहेत.

आई : आणि हा डाग माझा, की तुझ्या हनुवटीवर तीळ आहे?

सून : तीळ आहे.

आई : बघ, मला माहीतच नव्हतं. लग्नात तू मला नुसती हार घातलेली धुरकट बाई दिसली होतीस. चांगली आहेस की दिसायला. आता फळी काढ.

सून : आई, इथे ओटा उलट्या बाजूला आहे. तिथे शेगडी डावीकडे होती, इथे उजवीकडे. फोटो आरशातल्यासारखा उलटा करता येतो. तसा करून लावू का?

आई : फोटो उलटा होतो, हात होत नाही. होतं तसंच लाव. बुटका डबा आधी.

नणंद : बुटका हा घे. वहिनी, रबरबँडं आहेत का घरात?

सून : दुकानातून येताना औषधांच्या पुड्यांना लावून येतात, पिशवीभर आहेत. बुटक्याला एक. मीठ.

आई : तो माझ्या बाजूला, अगदी कडेला. त्याच्या मागे काय होतं?

सून : थांबा, मोठा करते. उंच डबा आहे, दोन रबरबँडं. साखर. त्याच्यामागे काहीतरी चमकतंय. चमचा आहे, खिळ्याला अडकवलेला.

आई : तोच तो. त्याला धरूनच मी पुढे जायची. मी सांगायला विसरले असते बघ.

सून : दोऱ्याचं झाकण सोड्याचं?

आई : चहाचं. सोडा मी वरच ठेवत नाही.

नणंद : आणि या नव्या काचेच्या बरण्यांचं काय करायचं?

आई : त्या भंगारवाल्याला.

सून : आई.

आई : गंमत केली. बटणं ठेवू त्यात, दोरे, काय काय. लेबलं तुझी तू वाच.

नणंद : शेगडीचं काय? चाळणी जळाली ती काही डब्यांमुळे नाही.

सून : या शेगडीच्या बटणांचा क्रम वेगळा आहे. डावीकडच्या बटणावर शर्टाचं एक बटण चिकटवू. हाताला कळेल. आणि ओट्यावर मी काही वाळत ठेवणार नाही.

आई : हे मला सुचलं नव्हतं.

नणंद : आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, आई. यात गंमत नाही.

आई : जाऊ. कपाचा फोटो काढ आधी. काडेपेटी किती लांब होती, ते बघू.

नणंद : पिंट्याला मी फोन करते. सांगते, गाडी रिकामी परत चाललीय.

सून : तुम्ही नका करू, ताई. मी सांगते. लेबलं मी लावली होती. आणि त्याला सांगायचंय की बाई लावायची नाही.

आई : चहाला किती जणी आपण? तिघी ना? सरका दोघी, मला माझी फळी बघू द्या. हा बुटका, एक रबरबँड. हा उंच, दोन. हा दोरा. बरोबर आहे. पातेलं द्या. आणि गप्प बसा जरा, दोघींचे श्वास ऐकू येतायत मला.

नणंद : आम्ही काही बोललो का?

आई : तेच म्हणतेय. घाबरल्यासारख्या उभ्या राहू नका.

सून : साखरच आहे, आई. मी बघितलं.

आई : मीही बघितलं. हातानं. घ्या. प्या आणि सांगा.

नणंद : हं.

आई : हं काय?

नणंद : साखर कमी आहे.

आई : म्हणजे नेहमीचा झाला.

सून : आई, एक फोटो काढू? तुमचा, फळीसकट.

आई : काढ. बहिणीला पाठवणार?

सून : पाठवते. काय लिहू खाली?

आई : तुला वाटेल ते लिही. मला कुठे वाचता येतंय?

नणंद : आई, इकडे बघ. अशी नाही, मोबाइलकडे. वहिनी फोटो काढतेय ना. तोंड काय फिरवतेस?

सून : राहू द्या, ताई. त्या माझ्याकडेच बघताहेत.